राजकन्या बदलली, सावत्र आई तीच

परत आलेला कपडा मी आधी नाकाला लावते आणि मग उजेडात धरते. घाम, अत्तर, बटाटेवडा आणि उलटी, यांतलं काय झालंय ते वासावरून लगेच कळतं. राजाचा झगा नेलेल्या शाळेने "मावशी, मुलाने जेमतेम अर्धा तास घातला" असं सांगितलं, तरी काखेतली शिवण वेगळंच सांगत असते. सोलापुरात साखर पेठेत नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचं माझं दुकान आहे. या धंद्यात उभं आयुष्य गेल्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नवरा म्हणायचा, तू देवाचा प्रसादसुद्धा उलटून बघून घेशील. तो आता नाही. प्रसाद मी अजूनही बघूनच घेते.

आमच्या धंद्याला जुनी माणसं कपडेपट म्हणतात. कमाईचे दिवस डिसेंबर-जानेवारीचे, शाळांच्या गॅदरिंगचे. एरवी पंधरा ऑगस्ट आणि शिवजयंती सोडली तर डांबरगोळ्या बदलत बसायचं. मुलांच्या कपड्याला शिवणीत आतून भरपूर कापड सोडावं लागतं, कारण यंदाचा प्रधान किडकिडीत असला तर पुढच्या वर्षीचा हमखास जाडा निघतो. हुक लावायचे नाहीत, चिकटपट्टी लावायची. पडद्यामागे बाईंच्या हाताखाली वर्गभर पोरं असतात. परीचे पंख शक्यतो द्यायचे नाहीत, ते कधीच धड परत येत नाहीत. आणि पोलिसाचा मोठ्या मापाचा गणवेश ओळखीच्या नाट्यमंडळाशिवाय कोणाला द्यायचा नाही. तो घालून माणूस स्टेजवरच जाईल की हायवेवर उभा राहून ट्रक अडवेल, ते आपल्याला काय ठाऊक.

पूर्वी गोष्टीच्या नाटकाला डोकं चालवावं लागत नव्हतं. राजा, राणी, राजकन्या, राजपुत्र, चेटकीण आणि सावत्र आई, असे गाठोड्याने कपडे बांधलेले असायचे. शाळेने नाव सांगितलं की गाठोडं उचलून द्यायचं. राजकन्येला घेरदार झगा, चेटकिणीला काळी टोपी, सावत्र आईला काळी साडी आणि कपाळावर मोठं आडवं कुंकू. मग गेल्या दहा-बारा वर्षांत शिक्षिका येऊन वेगळंच सांगायला लागल्या. आमची राजकन्या यंदा राक्षसाला स्वतः मारणार आहे. आमची राजकन्या लग्न करणार नाही, राज्य करणार आहे. मला आधी बरं वाटलं, मग शंका यायला लागली. नव्या गोष्टीत कोण खरोखर नवं झालंय, हे मी कपड्यांवरून बघायला लागले.

एका इंग्रजी शाळेने राजकन्येसाठी सुरवार, अंगरखा आणि तलवार मागितली. मी झकास शिवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी राजकन्या होणाऱ्या मुलीची आई दुकानात हजर. तलवार असू द्या, म्हणाल्या, पण फोटोत मुलगी मुलगी वाटली पाहिजे, खाली दोन पदरी झालर लावा. गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही मी. झालर लावली. ऐन लढाईत तलवार त्या झालरीत अडकली आणि राक्षसानेच खाली वाकून ती सोडवून दिली. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

माढ्याच्या एका शाळेत राजकन्या शेवटी सिंहासनावर बसते असं नाटक होतं. मुख्याध्यापक भले गृहस्थ, मुलींना पुढे आणलं पाहिजे असं मला चहा पाजून सांगत होते. कपड्यांवर लक्ष ठेवायला मी प्रयोगाला जातेच, तशी तिथेही गेले. पाहुणे लवकर आले. मुकुट घातलेली राजकन्या हातात चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर फिरताना मी बघितली. शिपाई झालेली पोरं खुर्च्यांवर बसून भाल्यांनी एकमेकांना ढोसत होती. मी सरांना विचारलं, तर ते म्हणाले, पोरांच्या हातून सांडतो हो. मुकुट परत आला तेव्हा त्यावर बासुंदीचा डाग होता, म्हणजे जेवणही तिनेच वाढलं.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या एका चिमुरडीचा तर नव्या गोष्टीने घातच केला. ती चेटकीण होणार म्हणून महिनाभर आरशासमोर दात विचकत होती. बाईंनी गोष्ट बदलली. चेटकीण मुळी चेटकीण नसतेच, ती औषधी झाडपाला जाणणारी शहाणी बाई असते आणि गावाने तिला उगीच बदनाम केलेलं असतं. विचार चांगला, माझी तक्रार नाही. पण पांढरा कोट घालून ती पोर दुकानात ओक्साबोक्शी रडली. तिला लोकांना घाबरवायचं होतं.

या सगळ्या अदलाबदलीत एक गाठोडं मात्र कोणी बदलून मागितलं नाही. राजकन्येला सुरवार आली, सिंहासन मिळालं, चेटकिणीला कोट आला. सावत्र आईची काळी साडी होती तशीच राहिली. एकदा मी एका बाईंना टोकलं की हिला पण जरा सुधरवा की. त्या हसून म्हणाल्या, मावशी, कोणीतरी वाईट नको का, नाहीतर मुलं हुर्यो कोणाची उडवणार? मला ते पटलं. अगदी खरं सांगायचं तर मलाही सावत्र आई म्हटलं की आधी काळी साडीच दिसत होती.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं तो सांगते. एप्रिलचा महिना होता, भर दुपार, गिऱ्हाइकाचं नाव नाही. पस्तिशीची एक बाई आत आली. हिरवं इरकल नेसलेली, उन्हाने तोंड लाल झालेलं. इकडेतिकडे बघून तिने मोठ्या बाईच्या मापाचा पोलिसाचा ड्रेस मागितला.

एप्रिलमध्ये नाटक कुठलं, असं मी विचारलं. गावात कार्यक्रम आहे म्हणाली. गाव कुठलं तर जेऊर. करमाळ्याकडची बाई पोलिसाच्या कपड्यासाठी रेल्वेने सोलापूरपर्यंत येते, म्हणजे तिला ओळखीच्या ठिकाणी मागायचं नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. ड्रेस कोण घालणार असं विचारल्यावर तिचं धाडस संपलं. बहीण घालणार म्हणाली, मैंदर्गीची. तिचं स्वतःचं बोलणंही मधूनच कानडी वळणाने जात होतं, तेव्हा माहेर तिकडचं असणार.

मी ड्रेस देणार नाही म्हणून सांगितलं. ती उठली नाही. पाणी मागितलं, प्यायली, आणि पुन्हा तेच मागितलं. मी म्हटलं, असला ड्रेस घालून लोकांना फसवणं हा गुन्हा आहे, दोघी बहिणी आत जाल. मग तिने सगळं सांगितलं. तिचं नाव महानंदा. नवऱ्याची ती दुसरी बायको. पहिलीची मुलगी दीपाली नववीत होती. बापाने तिचं लग्न ठरवलं होतं, येत्या सोमवारी, शेतातल्या वस्तीवर, गाजावाजा न करता. बस्ता बांधायलासुद्धा कोणी गेलं नव्हतं. महानंदाचा बेत असा की बहिणीने पोलीस होऊन मांडवात यायचं, दरडावायचं आणि लग्न मोडायचं. जेऊरात बहिणीला कोणी ओळखत नव्हतं.

दीपाली म्हटल्यावर मला मुलगी आठवली. नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात तिच्या शाळेने माझ्याकडून कपडे नेले होते. सुप्रिया मॅडम नावाच्या तरुण शिक्षिकेने जुनी गोष्ट नव्याने लिहिली होती. स्वयंवराला जमलेल्या सगळ्या राजपुत्रांना राजकन्या परत पाठवते आणि शिकायला जाते, अशी. त्यातली राजकन्या म्हणजे ही दीपाली. अंगात इतकी बारीक की झगा पाठीमागून मुठीएवढा दुमडून टाचावा लागला होता. चार महिन्यांपूर्वी स्टेजवर राजपुत्र परत पाठवणारी पोर आता बोहल्यावर उभी राहणार होती.

पण माझा विश्वास बसेना. सावत्र आई लेकीसाठी एवढी धडपडते, हे माझ्या कुठल्या गाठोड्यात बसत नव्हतं. मुलगा चांगला असेल आणि हिला सवतीच्या पोरीचं बरं झालेलं बघवत नसेल, असंही असू शकतं. मी तिला तसं तोंडावर विचारलं.

ती चिडली नाही. म्हणाली, "अक्का, तुमीच असं म्हणताय, तर गाव काय म्हणंल? सख्खी आसते तर मांडवात आडवी पडले आसते. मी मोडाया गेले तर लोक म्हनतील, सावतरीनं पोरीचं वाटुळं केलं. लगीन पन हुईल अन् मी पन वाईट हुईन. म्हनून दुसऱ्या कुणीतरी यायला पायजे."

मी म्हटलं, मग खरे पोलीस बोलव. मुलांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट फोन लागतो. ती म्हणाली, फोन नवऱ्याच्या हातात असतो. सुप्रिया मॅडमना सांगावं तर गावाचा पहिला संशय त्यांच्यावरच जाईल, ते नाटक त्यांनीच बसवलेलं. मग माझ्याकडे बघत राहिली. जाताना एवढंच म्हणाली की मी आले होते हे कुणाला सांगू नका, पोरीला तर कधीच नको. मी शब्द दिला, पण का, ते तिने सांगितलं नाही. आणि चांगलं काम करणारं माणूस ते पोरीपासून का लपवेल, हा संशय तिने मला देऊन ठेवला.

ती गेल्यावर मी सुप्रिया मॅडमना फोन लावला. मुकुटाचा एक खडा हरवलाय अशी थाप मारली आणि बोलता बोलता राजकन्येची चौकशी केली. ती परीक्षा झाल्यापासून दिसलीच नाही, मॅडम म्हणाल्या, वय पंधरा. तेवढं मला पुरे होतं. महानंदाचं मन काळं असो की पांढरं, पंधरा वर्षं ही काही संशयाची गोष्ट नव्हती. मी हेल्पलाइनला फोन केला आणि गाव, वस्ती, वार सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही तरी चालतं, हेही तेव्हा कळलं.

पुढचं सुप्रिया मॅडमकडून ऐकलं. रविवारी हळदीलाच सरकारी खात्याच्या दोन बाया, ग्रामसेवक आणि पोलीस वस्तीवर पोचले. लग्न थांबलं, बापाने मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पण मॅडम पुढे म्हणाल्या, खरा तमाशा त्या सावत्र आईने केला. मांडवात बसून ऊर बडवून घेतला, सरकारी बायांना शिव्याशाप दिले, माझ्या पोरीचं सोन्यासारखं स्थळ घालवलंत म्हणून अंगावर धावून गेली. दोघी बायकांनी धरून ठेवली. मावशी, तिला पोरीला उजवून टाकायची किती घाई झाली होती बघा.

मी फोन ठेवला आणि डोकं भणभणलं. दुकानात माझ्यासमोर बसून बोलली ती बाई खरी की मांडवातली? नटनट्यांमध्ये आयुष्य काढून मला यातलं सोंग ओळखता येत नव्हतं. कदाचित आधी मोडायचं होतं आणि मग घाबरली. कदाचित नवऱ्याच्या सांगण्यावरून माझ्याकडून काही काढून घ्यायला आली होती. असले विचार मी कपड्यांना इस्त्री करताना कितीतरी महिने केले. महानंदा काही परत आली नाही.

त्यानंतर तिसऱ्या डिसेंबरात एक मुलगी दुकानात आली. उंच झाली होती, तरी मी ओळखली. ती मला ओळखणार कशी, झगा टाचायला मी तिच्या पाठीमागे वाकलेली होते आणि तिचं लक्ष आरशात स्वतःकडे. दीपाली सोलापुरात वसतिगृहात राहून बारावी करत होती. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिने स्वतः लिहिलेलं नाटक होतं. गोष्ट तीच, राजकन्येची, पण ही राजकन्या शेतकऱ्याच्या वस्तीवर राहते आणि तिचं लग्न सावत्र आई लावून देत असते.

दीपाली धडाधडा बोलणारी मुलगी. आपलीच गोष्ट असल्याचं तिने लपवलं नाही. ऐन हळदीत लग्न मोडलं, म्हणाली, कोणीतरी फोन केला, बहुतेक आमच्या मॅडमनी, त्या कबूल करत नाहीत. नाटकात मी फोन करणारीला परी केलंय. पंख असलेला ड्रेस द्या. मी म्हटलं, पंख मोडतात. पण दिले. ते घेऊन ती आरशात बघत होती तेव्हा मी काय करावं ते न सुचून बांगड्यांच्या डब्या पुसत बसले.

सावत्र आईसाठी काय देऊ, असं मी विचारलं. काही नको, म्हणाली, तिचीच साडी घरून आणलीय. "मावशी, ती मांडवात सगळ्यात मोठ्यानं रडली, मी नवऱ्याच्या घरी गेले नाही म्हणून. दहावी झाल्यावर बापाला म्हणाली, हिचं तोंड बघायचं न्हाय मला, टाका हिला सोलापूरला वसतिगृहात. बाप तर शाळा बंदच करणार होता. हिला मी डोळ्यासमोर नको होते."

हे ऐकलं आणि माझा हात थांबला. बाप शाळा बंद करणार होता. सावत्र आईने तोंड बघायचं नाही म्हणून आरडाओरडा केला आणि पोर बारावीपर्यंत पोचली. मी दीपालीकडे बघितलं. हुशार मुलगी, सगळी जुनी गोष्ट फिरवून लिहिलेली, राजकन्येच्या तोंडी वकिलासारखी वाक्यं घातलेली. आणि हे तिला दिसत नव्हतं. सांगावंसं इतकं वाटलं की ओठ आवळून धरावे लागले. पण शब्द दिलेला होता, आणि शिवाय मला अजूनही पक्कं ठाऊक नव्हतं. साडी तिने मागितल्यावर दिली का, एवढंच मी विचारलं. दिली, म्हणाली, कशाला पाहिजे तेही सांगितलं, तरी दिली. वर इस्त्री करून दिली.

प्रयोग दुपारचा होता. मी सवयीने मागच्या रांगेत बसले, पंखांवर डोळा ठेवून. माझ्या पुढच्या रांगेत महानंदा येऊन बसली. सकाळच्या गाडीने आली असणार. शेजारी दोन वेण्या घातलेली एक पोरगी, तोंडावळा थेट तिचाच. महानंदाने मागे वळून मला बघितलं आणि ओळख दाखवली नाही.

नाटक सुरू झालं. हिरवं इरकल नेसलेली मुलगी स्टेजवर आली आणि राजकन्येच्या हातातली पुस्तकं ओढून घेऊन चुलीत टाकू लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, हुर्यो केली. कोणीतरी ओरडलं, बाहेर काढा हिला. मी स्टेजकडे बघितलंच नाही. मी महानंदाचा गाल बघत होते, जेवढा मागून दिसत होता तेवढा. ती हलली नाही. शेजारची पोर मात्र आईच्या पदराखाली तोंड लपवायला लागली. तिला स्टेजवरची साडी ओळखू आली होती. परीने येऊन लग्न मोडलं, सावत्र आई जमिनीवर लोळून रडली, तेव्हा सगळं सभागृह हसलं. महानंदा टाळ्या वाजवत होती. पार शेवटपर्यंत वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला बाहेर नळापाशी गाठलं. पोर पाणी प्यायला पुढे गेली होती. माझा सगळा संशय मघाच त्या रांगेत फिटला होता, आणि आता मला राग आला होता, दीपालीचा, त्या हसणाऱ्या पोरांचा आणि माझाही. मी म्हटलं, बस झालं आता, तिला मी सांगते. ती मोठी झालीय, घराबाहेर आहे, तुझं काय बिघडणार?

महानंदाने पोरीकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला.

"नगा सांगू, अक्का. दिपीच्या पोटात काय ऱ्हात न्हाय, त्ये नाटकातच दिसलं की. तिला कळलं की आठ दिसांत तिच्या बापाला कळंल, अन् मग मला त्या घरात कोन ठेवतंय? त्याला अजून वाटतंय, मी त्याच्याच बाजूची हाय. तसंच वाटू द्या." मग तिने नळाकडे हात केला. "ही माजी अंबी. औंदा आठवीत हाय."